दुसऱ्याचं गाणं, आपले हात: वाचकांच्या ड्रमविषयक प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: टोटो या रॉक बँडचं ‘रोझॅना’ मूळ ड्रमर जेफ पोर्कारोनं वाजवलेलं आणि नंतर सायमन फिलिप्सनं मंचावर वाजवलेलं, दोन्ही मी लागोपाठ ऐकते. ठोके दोघांचेही बरोबर आहेत, तरी एकाचं डुलतं आणि दुसऱ्याचं पुढे रेटतं असं वाटतं. हा माझा भास आहे का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: भास नाही. फरक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं, पण त्यासाठी आधी ठेका उलगडायला हवा.

‘रोझॅना’ १९८२ च्या ‘टोटो ४’ मधलं. ठेका हाफ-टाइम शफल, म्हणजे तीन भागांच्या मात्रांचा डुलता ठेका, ज्यात मोठा ठोका नेहमीच्या निम्म्या वेळा पडतो. एका बारात (आवर्तनात) चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन भाग, म्हणजे बारा खण. उजवा हात हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक मात्रेचा पहिला आणि तिसरा भाग वाजवतो. मधला, दुसरा भाग डाव्या हातानं स्नेअरवर (समोरच्या खणखणीत ड्रमवर) अगदी हलका पडतो; हीच घोस्ट नोट. स्नेअरचा मोठा ठोका फक्त तिसऱ्या मात्रेवर. किकची (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची) रचना दोन बारांची आहे. हे सगळं आपण एकट्यानं शोधलं असा दावा पोर्कारोनं कधी केला नाही. ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल (स्टीली डॅन या बँडच्या १९७७ च्या ‘होम ॲट लास्ट’मध्ये तो ऐका), लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याचा १९७९ च्या ‘फूल इन द रेन’मधला शफल आणि किकसाठी गिटारवादक बो डिडलीचा ठेका, अशी तिन्ही नावं त्यानं स्वतः घेतली आहेत.

अवघड जागा एकच: तिसरी मात्रा. तिथे डाव्या हाताला मोठा ठोका देऊन लगेच पुढच्याच खणात घोस्ट नोट द्यायची असते. या मोजणीत गाण्याची लय मिनिटाला साधारण १७० मात्रांची, त्यामुळे या दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम आठवा-नववा भाग मिळतो. काठी वर उसळू दिली तर घोस्ट नोट मोठी वाजते. आवळून धरली तर ती पडतच नाही.

आता दोन ड्रमर. पोर्कारो बहुतेकांसारखा हात ओलांडून वाजवायचा: उजवा हात हाय-हॅटवर, डावा त्याच्याखाली स्नेअरवर. फिलिप्स हात ओलांडत नाही. त्याचा डावा हात हाय-हॅटवर आणि उजवा स्नेअरवर असतो. त्यामुळे त्याच्या स्नेअरच्या हाताला वर उचलायला पूर्ण मोकळीक मिळते, ठोका टोकदार लागतो आणि हाय-हॅटवरचं वजनही वेगळ्या हाताचं असतं. माझ्या कानाला पोर्कारोच्या हाय-हॅटमध्ये प्रत्येक मात्रेचा पहिला भाग जड आणि तिसरा हलका लागतो. तुम्ही म्हणता ते डुलणं या उतारातून येतं. हा उतार सपाट झाला की तेच ठोके रेटल्यासारखे वाटतात.

यात ड्रमरच्या हातात नसलेली गोष्टही आहे. मोठ्या मंचावर स्नेअरच्या माइकला गेट लावलेला असतो आणि ठरावीक पातळीखालचा आवाज तो बंद करतो. आधी घोस्ट नोटाच त्यात कापल्या जातात. मग वाजवलेल्या बारा खणांपैकी तुम्हाला आठ-नऊच ऐकू येतात आणि दोष ड्रमरच्या माथी जातो. म्हणून मंचावरचं ध्वनिमुद्रण ऐकताना आधी घोस्ट नोटा ऐकू येतात का ते पाहा. येत नसतील तर शफलबद्दल निकाल देऊ नका.

स्वतः बसवायचं असेल तर ९० पासून सुरू करा. पहिला आठवडा किक नको. घोस्ट नोटेला काठीचं टोक हेडपासून (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यापासून) दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वर जाऊ नये, मोठ्या ठोक्याला पंचवीस-तीस सेंटिमीटर. मोठा ठोका पडताच काठी खालीच अडवा. पुढची घोस्ट नोट त्याच उंचीवरून द्यायची आहे. उजव्या हाताला प्रत्येक मात्रेचा तिसरा भाग आणि पुढच्या मात्रेचा पहिला असे दोन ठोके जोडीनं येतात. मनगट तिथेच दमतं, म्हणून पहिला मनगटानं आणि दुसरा बोटांनी द्या. चार मिनिटं न अडखळता गेली की पाचनं लय वाढवा. १४० च्या आत किक जोडू नका.

प्रश्न: आमच्या बँडमध्ये लेड झेपेलिनचं ‘रॉक अँड रोल’ दर वेळी सुरुवातीलाच फसतं. ड्रमर म्हणतो गिटारवाला चुकतो, गिटारवाला म्हणतो ड्रमर. (नाशिक)

उत्तर: बहुधा दोघांनीही पहिला ठोका समेवर धरला आहे. बॉनमचा पहिला ठोका समेवर पडत नाही. तो तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या बरोबर मधे पडतो, म्हणजे समेच्या दीड मात्रा आधी. तो ‘एक’ समजला की पुढचं सगळं दीड मात्रा सरकतं. मग गिटार आल्यावर कुणीतरी अर्धी मात्रा गिळतो आणि दुसरा दीड वाढवतो.

उपाय: मेट्रोनोम लावा आणि काठ्या न घेता तोंडानं ‘एक, दोन, तीन’ म्हणून ‘तीन’नंतरच्या अर्ध्यावर टाळी द्या. त्यानंतर ‘चार’, ‘चार’चा अर्धा, आणि मग सम. हे पक्कं झालं की पुढे सगळं सरळ ४/४ आहे. कुठेही जादा मात्रा दडलेली नाही. मंचावर ड्रमरनं तोंडानं मोजावं आणि गिटारवाल्याला ते ऐकू यावं. काठ्या वाजवून मोजत असाल तर तीनच वाजवा. चौथी वाजवली की ती सुरुवातीच्या ठोक्यांत मिसळते.

ही सुरुवातसुद्धा उसनी आहे. गायक लिटल रिचर्डच्या ‘कीप अ-नॉकिन’’मध्ये त्याचा ड्रमर चार्ल्स कॉनरनं वाजवलेली सुरुवात ऐका, लगेच ओळखू येईल.

प्रश्न: बॉनमचा आवाज आणायला २६ इंची किक हवीच का? भाड्यानं मिळतो तो सेट २२ इंची आहे. (पणजी)

उत्तर: २२ इंचीवर बरंच जवळ जाता येतं. फक्त नेहमीच्या सवयी सोडाव्या लागतात. बॉनमचा लुडविग सेट म्हणजे २६ बाय १४ ची किक, १६ आणि १८ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर उभे राहणारे ड्रम), आणि १४ बाय साडेसहाचा धातूचा स्नेअर. हे मोठे ड्रम त्यानं ढिले ठेवले नाहीत, चढे लावले. मोठं पिंप आणि चढं हेड, यातून तो गुंजणारा, सुराचा आवाज येतो.

किकमधली उशी काढा. पुढचं हेड भोक नसलेलं मिळालं तर उत्तम. दोन्ही हेड सुरकुत्या जाईपर्यंत आवळा, मग प्रत्येक बोल्ट आणखी अर्धा फेरा. टॉमवर दुहेरी थराचं कोटेड हेड लावा, टेप किंवा जेल चिकटवू नका. आवाज खोलीत लांबेल आणि साउंडवाला लगेच टेप मागेल. त्याला सांगा, किकच्या माइकचा आवाज थोडा कमी आणि वरच्या दोन माइकांचा थोडा जास्त ठेव. त्या आवाजातला मोठा भाग वरूनच येतो. हॉल लहान आणि टाइल्सचा असेल तर मात्र किकच्या पुढच्या हेडला आतून एक फेल्टची पट्टी लावा, नाहीतर बेस गिटार ऐकू येणार नाही.

एक गोष्ट मंचावर जमणार नाही: ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. तो आवाज हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याचा आहे. ड्रम खाली मांडून दोन माइक जिन्यात वर टांगले होते आणि त्यावर बिन्सनच्या इको यंत्राचा आवाज चढवला होता. मंचावर इतके लांब माइक ठेवले तर शिट्टी सुरू होते. वरच्या माइकांवर गाण्याच्या लयीशी जुळवलेला, एकदाच परतणारा डिले (प्रतिध्वनी) हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

प्रश्न: एकाच गाण्यावर दोन ड्रमरांची तुलना न्याय्य कशी करायची? मित्रांमध्ये नेहमी भांडण होतं. (मुंबई)

उत्तर: आधी परिस्थिती सारखी आहे का ते बघा. झेपेलिनचंच उदाहरण घ्या. १३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियाच्या लाइव्ह एड या मदतनिधी मैफिलीत त्यांच्याबरोबर दोन ड्रमर बसले: टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्डनं आला होता आणि एकत्र सराव जवळजवळ झालाच नव्हता. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात जेसन बॉनम वडिलांच्या जागी बसला तो भरपूर तालमी करून. या दोन मैफिलींवरून कॉलिन्स आणि जेसन यांची तुलना करणं मला मान्य नाही. त्यात फक्त तालमींची तुलना होते.

याउलट रश या कॅनडातल्या बँडच्या ‘वाय-वाय-झी’चं उदाहरण फार चांगलं आहे. रशचा ड्रमर नील पर्ट ७ जानेवारी २०२० ला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये फू फायटर्सचा ड्रमर टेलर हॉकिन्स याच्या स्मरणार्थ झालेल्या दोन मैफिलींत रशचे उरलेले दोघे, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी हे गाणं वाजवलं: ३ तारखेला वेम्ब्लीत ओमर हकीमबरोबर, २७ तारखेला लॉस एंजेलिसमध्ये डॅनी कॅरीबरोबर. तेच गाणं, तेच दोन साथीदार, तोच महिना. याहून बरी संधी क्वचित मिळते.

आता गाण्याचे दोन कप्पे करा. पहिल्यात ते ठोके, जे बदलले तर गाणंच बदलेल. ‘वाय-वाय-झी’ हा टोरंटोच्या विमानतळाचा संकेत आहे आणि सुरुवात त्याच्या मोर्स लिपीवर बांधलेली आहे. डॅश दोन खणांचा, डॉट एका खणाचा. वाय म्हणजे डॅश-डॉट-डॅश-डॅश, सात खण. पुन्हा वाय, सात. झी म्हणजे डॅश-डॅश-डॉट-डॉट, सहा. एकूण वीस खण, म्हणजे पाच मात्रांचं आवर्तन. इथे ड्रमरला स्वातंत्र्य नाही. इथे चूक म्हणजे चूक.

दुसऱ्या कप्प्यात ड्रमरचं स्वतःचं बोलणं. गाण्याच्या मधल्या भागात बेस आणि ड्रम आळीपाळीनं छोट्या उड्या घेतात. तिथे पर्टचे फिल (मधली जागा भरणारे ठोके) श्रोत्यांना पाठ आहेत, पण जागा मुळात बोलण्याचीच आहे. हकीम वेदर रिपोर्ट या जॅझ बँडमधून आला, डेव्हिड बॉवीच्या ‘लेट्स डान्स’वरही तोच आहे. कॅरी टूल या बँडचा, विषम मात्रांत मुरलेला. दोघांनी या जागांत पर्टची नक्कल केली का, आणि नसेल केली तर पुढच्या समेवर ते नेमके उतरले का, हे तपासा. मला विचाराल तर इथे शब्दशः नक्कल करणाऱ्यापेक्षा स्वतःचं बोलून नेमका परतणारा जास्त गुण मिळवतो. मात्र पहिल्या कप्प्यातलं एकही अक्षर त्यानं सोडलेलं नसावं.

लयीवरून वाद असेल तर मोजा. कुठलाही ४/४ चा सलग भाग घ्या. समेवर घड्याळ सुरू करा, ३२ बार संपून ३३ व्याच्या समेवर थांबवा. १२८ गुणिले ६०, भागिले सेकंद. ९० सेकंद लागले तर लय ८५.३. हे गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी करा. शेवटची लय तीन-चार टक्क्यांनी वाढली असेल तर ते मंचावर नेहमीचंच आहे. मधल्याच कडव्यात वाढून पुन्हा खाली आली असेल तर ड्रमर डगमगला. श्रोत्यांनी फोनवर टिपलेल्या चित्रफितींवरून किक किंवा आवाजाच्या चढउताराबद्दल बोलू नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि हलका वर आणतो.

रशनं ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली आणि ड्रमवर जर्मनीच्या अनिका निलेसचं नाव जाहीर केलं. गिटारवादक जेफ बेकच्या २०२२ च्या दौऱ्यात ती होती. तिचं वाजवणं ऐकताना हेच दोन कप्पे समोर ठेवा.

प्रश्न: झेपेलिनचं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ डबल पेडलनं (एकच किक दोन्ही पायांनी) वाजवणं ही फसवणूक आहे का? (कोल्हापूर)

उत्तर: फसवणूक नाही, पण ऐकू येतं. बॉनमनं ते एका पायानं, एका पेडलवर वाजवलं. त्रिकुटातला पहिला भाग हात घेतो आणि पुढचे दोन किक. एका पायाच्या या जोडठोक्यात पहिला हलका आणि दुसरा जड पडतो; डबल पेडलवर दोन्ही सारखे पडतात आणि चाल सपाट होते. डबल पेडल वापरायचंच असेल तर जोडीतला पहिला ठोका कमजोर पायाला द्या.

प्रश्न: द हू या बँडचं ‘बाबा ओ’रायली’ आम्ही सिंथसाइझरच्या ट्रॅकवर वाजवतो. अर्ध्यात ट्रॅक आणि आम्ही वेगळे होतो. (ठाणे)

उत्तर: ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, म्हणून तो सगळ्यांत मोठा ड्रमरच्या कानात हवा. द हूचा ड्रमर कीथ मूनसुद्धा अशा गाण्यांना हेडफोन लावूनच बसायचा. स्टिरिओ फाइल बनवा: डावीकडे क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक), उजवीकडे सिंथ. सिंथ हॉलला आणि ड्रमरला, क्लिक फक्त ड्रमरला. ड्रम सुरू होण्याआधी किमान दोन बार क्लिक हवी. स्पीकरवरच्या मॉनिटरवर अवलंबून राहू नका, क्रॅश झांजेच्या पहिल्या चार ठोक्यांत तो बुडतो. आणि मूनसारखे फिल सतत भरायचे असतील तर आधी पूर्ण गाणं फक्त किक-स्नेअरवर ट्रॅकबरोबर शेवटपर्यंत नेऊन बघा. फिलचा शेवटचा ठोका समेआधी पडतोय की नंतर, हे तेव्हाच कळतं. घाई होते ती बहुतेक तिथेच.