१९७२ च्या बीटलचा लाल दिवा सिग्नलला मिणमिणतो. मेकॅनिक म्हणतो दुर्लक्ष करा. करू का?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असता, गेल्या महिन्यात बीटल घेतली. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू असताना सिग्नलला थांबलं की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, जरा रेस दिली की विझतो. आणि त्या बल्बच्या जागी एलईडी बसवायचा विचार आहे.

एवढ्यापुरतं दोन ओळीत सांगून झालं असतं. पण "दुर्लक्ष करा" वाचलं आणि राहवलं नाही. याच सल्ल्यापायी माझ्या गाडीचं इंजिन गेलंय आणि घरातला एक वाद अजून मिटलेला नाही.

माझी बीटल १९६९ ची, १५०० सीसी. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो, जिथे ही गाडी जन्मली ते वोल्फ्सबुर्ग इथून अर्ध्या तासावर. २०११ च्या जुलैत माझा थोरला भाऊ आणि वहिनी कोल्हापूरहून आले होते. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मला गाडी त्यानेच शिकवली, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर, शेंडा पार्कच्या माळावर. त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवाना काढून आलोय म्हणाला तेव्हा चावी त्याच्या हातात देताना मला बरंच वाटलं होतं.

कासेलला हर्क्युलिसचा पुतळा आणि तिथून पायऱ्यापायऱ्यांनी खाली सोडतात ते पाणी बघायला निघालो. पुढे दादा आणि मी, मागे वहिनी आणि माझी बायको. ए-७ महामार्गावर हान्नोवरश म्युंडेनजवळ वेरा नदीचा उंच पूल लागतो. तो ओलांडला की कासेलच्या दिशेने चढ सुरू होतो, आणि चांगला दमवणारा चढ आहे. चौघं बसलेली, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे. तिथे लाल दिवा लागला. मिणमिणता नाही, लख्ख.

मी म्हटलं, "दादा, बाजूला घे."

"अरे डायनॅमोचा दिवा आहे तो. बॅटरी भरलेली आहे ना? दिवसाउजेडी कासेल काय, घरापर्यंत जाईल. काय होत नाही, चल."

हे तो हवेत बोलत नव्हता. एकदा निपाणीहून येताना पद्मिनीच्या डायनॅमोचे, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या यंत्राचे, कार्बन (आतले घासणारे तुकडे) झिजले होते. असाच दिवा लागला आणि दादाने हेडलाइट, पंखा, सगळं बंद ठेवून चाळीस किलोमीटर गाडी सुखरूप घरी आणली. बाबांनी चार लोकांत त्याचं कौतुक केलं. ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की मलाही पाठ आहे.

आणि तेव्हा गाडी अचानक शांत झाली. बीटलमध्ये बसलं की मागून एक सततची घरघर कानावर असते, त्यातला मोठा वाटा पंख्याचा. तो आवाजच गेला. गाडी किंचित हलकीही ओढायला लागली. दादा म्हणाला, "बघ, कशी मोकळी झाली." मला कळलं होतं. पंखा फिरवणारा पट्टा तुटलाय, इंजिनावर हवा मारून ते थंड ठेवणारा पंखा थांबलाय, म्हणूनच गाडी शांत झालीय. मी पुन्हा एकदा "थांब" म्हटलं, त्याने मान हलवली, आणि मी गप्प बसलो. थोरल्या भावाच्या हातातलं स्टिअरिंग ओढून घ्यायची सवय आमच्या घरात नाही.

जेमतेम सहा किलोमीटर गेलो असू. वहिनी मागून म्हणाली, "अहो, कसलातरी वास येतोय." तेवढ्यात ऑइलचा दिवा फडफडायला लागला. मग गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडखळली, दोन-तीनदा कर्कश आवाज झाला आणि बंद पडली. कडेला आलो. मागचं झाकण उघडलं तर गरम लोखंडाचा भपकारा, आणि खालच्या पुलीला पट्ट्याच्या दोन चिंध्या अडकलेल्या. एडीएसीचा, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली की मदतीला येणाऱ्या जर्मन संस्थेचा माणूस पिवळ्या गाडीतून आला, त्याने डायनॅमोची पुली बोटाने फिरवून बघितली आणि एकच विचारलं, "लाल दिवा किती वेळ लागलेला होता?" आमच्यापैकी कोणी उत्तर दिलं नाही.

इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन धरलेला होता, सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडे. तिसराच का, तर त्या काळच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, त्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला हवा मुळातच कमी. सव्वादोन हजार युरो गेले. पैशाचं मला इतकं वाटलं नाही. पण दादा परत गेला आणि तेव्हापासून दर गणपतीत पाहुण्यांसमोर तीच गोष्ट निघते: "ह्याच्या त्या जुनाट जर्मन गाडीने ऐन घाटात दगा दिला." हे मला सोसत नाही. गाडीने दगा दिला नाही. गाडीने सहा किलोमीटर आधी सांगितलं होतं.

आता तुमच्याकडे येतो. बीटलमध्ये इंजिनाचं तापमान दाखवणारा काटाच नाही. अहो, १९६१ पर्यंत पेट्रोलचा काटासुद्धा नव्हता. पायाशी एक नळ असायचा, गाडी आचके देऊ लागली की तो पायाने फिरवून रिझर्व्हवर घ्यायचा. बाकी सगळं दोन दिव्यांवर. डायनॅमोच्याच दांड्याच्या एका टोकाला पुली आणि दुसऱ्या टोकाला पंखा, आणि दोन्हींना फिरवणारा पट्टा एकच. म्हणजे बीटलमधला लाल दिवा चार्जिंगचा असला तरी इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरतोय का, हे सांगणाराही तोच. जुनी फियाट ५०० तशीच. पोर्श ३५६ आणि जुनी ९११ यांचंही तेच. या गाड्यांत चालू गाडीत दिवा लख्ख लागला की पुढचा फाटा, पुढचा पंप, पुढचं गाव असलं काही बघायचं नाही. तिथेच कडेला, इंजिन बंद, मग झाकण उघडून पट्टा बघा.

ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. त्याचं बटण दाब अगदी तळाला गेल्यावर, अर्ध्या बारच्याही खाली, दिवा लावतं. तो लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय साठच्या दशकातल्या कित्येक बीटलमध्ये हा दिवा हिरवा आहे. हिरवा दिवा बघून कोण घाबरणार? इंग्रजांनी तर चार्जिंगच्या दिव्याला "इग्निशन लाइट" नाव देऊन ठेवलं. निम्म्या लोकांना वाटतं, चावी फिरवलीय एवढंच तो सांगतो. अशा नावांनी किती इंजिनं गेली असतील.

तुमचं मिणमिणणं वेगळं आहे. त्या दिव्याच्या एका टोकाला चावीतून बॅटरीचे व्होल्ट येतात, दुसऱ्या टोकाला डायनॅमोचे. दोन्ही सारखे असले की दिवा विझलेला. आयडलिंगला डायनॅमो हळू फिरतो, त्यात हेडलाइट आणि वायपर, म्हणजे एक बाजू कमी पडते आणि तेवढ्या फरकावर दिवा मंद पेटतो. रेस दिली की जातो म्हणताय, म्हणजे पट्टा फिरतोय. अशा गाडीने तुम्ही आज रात्री घरी जाऊ शकता. पण "दुर्लक्ष करा" म्हणणाऱ्याने आधी पट्टा बघायला हवा होता. अंगठ्याने मधोमध दाबा, साधारण १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. जास्त जात असेल तर डायनॅमोची पुली खोला. दोन अर्ध्या पुलींच्या मध्ये वायसर असतात, त्यातला एखादा काढून बाहेरच्या बाजूला टाकला की पट्टा ताणला जातो. २१ चा पाना, आणि पुली फिरू नये म्हणून तिच्या खाचेत घालायला एक जाड स्क्रू ड्रायव्हर. नट आवळताना इंजिन हाताने फिरवत राहा, नाहीतर पट्टा पुलीत चिमटतो आणि महिन्याभरात तुटतो. मग मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि रेस दिल्यावर साडेतेरा ते चौदाच्या पुढे गेली पाहिजे. जात नसेल तर कार्बन नाहीतर व्होल्ट काबूत ठेवणारा रेग्युलेटर. हेही निघालं नाही तर अर्थच्या तारा घासून साफ करा. पन्नास वर्षांच्या गाडीत निम्मी दुखणी अर्थिंगचीच असतात.

सोबत एक जादा पट्टा, तो पाना आणि तो स्क्रू ड्रायव्हर कायम ठेवा. सरावाच्या हाताला वीस मिनिटांचं काम आहे. आणि दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला देणार असाल, मग तो सासरा असो, साहेब असो की थोरला भाऊ, तर चावी देण्याआधी त्या दिव्यावर बोट ठेवून सांगा की हा लागला तर विचारायचं नाही, थांबायचं. आधी सांगितलेलं चालतं. वाटेत सांगितलेलं ऐकलं जात नाही.

दादावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. पद्मिनीत तो बरोबर होता. कार्बन झिजले होते, पण पट्टा शाबूत होता, पाण्याचा पंप फिरत होता, म्हणून बॅटरीवर घर गाठता आलं. पट्टा तुटला असता तर निपाणीच्या रस्त्यावर रेडिएटर उकळला असता. दिवा दोन्ही वेळी एकसारखाच लागतो, कारण सांगत नाही. म्हणून आधी थांबून बघायचं. आणि हवेवर थंड होणाऱ्या प्रत्येक इंजिनाला माझं म्हणणं लागू नाही. सित्रोएन टू-सीव्हीचा पंखा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसवलेला असतो, तिथे पट्टा तुटला तरी हवा चालू राहते. तुमच्या ओळखीत कोणाकडे ती असेल आणि तो म्हणाला की काही होत नाही, तर तो त्याच्या गाडीबद्दल खरं बोलतोय.

वहिनी हे वाचते, ती दादाला दाखवेलच. दादा, कासेलचा तो तुटका पट्टा माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात अजून आहे. पुढच्या वेळी आलास की हातात घेऊन बघ. वासही तुला माझ्याआधी आला होता, हे मला माहीत आहे.

एलईडीचं राहिलं. नका लावू. तो दिवा बॅटरी आणि डायनॅमो अशा दोन पॉझिटिव्हच्या मध्ये बसतो, एलईडीला उलटसुलट बाजू असते, आणि ती इतक्या कमी करंटवर पेटते की तुम्हाला आत्ता दिसतंय त्याहून जास्त वेळा उगाच मिणमिणेल. मग तुम्ही खरंच त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागाल. पुढे कधी डायनॅमो काढून त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर घातलात तर आणखी एक भानगड: अल्टरनेटर जागा व्हायला लागणारा पहिला करंट त्या बल्बातूनच जातो, एलईडीतून तेवढा जात नाही आणि चार्जिंगच सुरू होत नाही. साधा फिलामेंटचा बल्ब ठेवा. उद्या सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा, लाल आणि ऑइल दोन्ही दिवे लागतात का ते बघा, आणि पट्ट्याचं काय निघालं ते इथे कळवा.