तणनाशक बदलले की नुसती बाटली?

पेरणी झाली की एकच तक्रार फिरून फिरून येते: ‘मारूनही तण मेले नाही, आता काय मारू?’ त्यातले मोजके प्रश्न आज घेतो.

प्रश्न: मक्यात वापरलेले अट्राझिन उरले आहे. सोयाबीनवर चालेल का?

उत्तर: नाही. मका ते पचवतो, सोयाबीन जळते.

प्रश्न: फवारताना पॅराक्वाट हे तणनाशक थोडे तोंडात गेले. आता बरे वाटते. वाट पाहू का?

उत्तर: एक मिनिटही नको. लेबल सोबत घेऊन आत्ताच रुग्णालयात जा. त्यावर खास उतारा नाही. सुरुवातीला बरे वाटते, पण मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे नंतर निकामी होऊ शकतात. हा प्रश्न पत्राने विचारण्याचा नव्हे.

प्रश्न: ग्लायफोसेट ओढ्याच्या गढूळ पाण्यात कालवले तर चालते का?

उत्तर: चालत नाही. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि पानात शिरत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्याला धरून ठेवतात. स्वच्छ पाणी घ्या. विहिरीचे पाणी जड असेल तर तपासून घ्या आणि अमोनियम सल्फेट घालायचे की नाही ते तज्ज्ञाला विचारून ठरवा.

प्रश्न: तीन वर्षे दर वेळी वेगळ्या कंपनीचे औषध मारले, तरी तेच तण उभे आहे. दुकानदार म्हणतो, डोस दुप्पट करा.

उत्तर: डोस वाढवू नका. आधी तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. मोठ्या रंगीत अक्षरांतले नाव सोडून द्या, खाली बारीक अक्षरांत सक्रिय घटक छापलेला असतो तो वाचा. बहुतेक वेळा तिन्हींवर एकच घटक निघतो. नवे नाव आणि नवे वेष्टन देऊन जुनेच औषध ‘नवीन’ म्हणून विकणे ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.

घटक वेगळा असला तरी काम भागत नाही. इमॅझेथापायर आणि क्लोरीम्युरॉन ही नावे निराळी, पण दोन्ही तणातल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. तणावर घाव कसा घालतात त्यावरून तणनाशकांचे क्रमांकाचे गट पाडलेले असतात; ही दोन्ही गट २ मधली. बदलायचा असतो तो गट.

औषध तणात प्रतिकारक्षमता, म्हणजे औषधाला न मरण्याची ताकद, निर्माण करत नाही, आधीच असलेली निवडते. असंख्य रोपांत एखादे मुळातच तगणारे असते. बाकीची मरतात, ते बी टाकते, आणि पुढच्या हंगामात त्याचीच पोरे उगवतात. हरियाणात गव्हातल्या गुल्ली डंडा या तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक मारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते त्याला पचू लागले आणि उभा गहू तणाखाली गेला. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये ग्लायफोसेटला न जुमानणारे रायगवत सापडले. असे काही होणारच नाही, असे तोवर छातीठोकपणे सांगितले जात होते.

आता शेतात जाऊन बघा. सरळ पट्ट्यात तण वाचले असेल तर नोझल चुकला. एकच जात सगळीकडे वाचली असेल तर बहुधा औषध त्या जातीसाठी नव्हतेच, किंवा तण फार मोठे झाल्यावर फवारले. पण एकाच जातीची, एकाच उंचीची दोन रोपे शेजारी आहेत, एक वाळले आणि दुसरे हिरवेगार, असे ठिकठिकाणी दिसले तर सावध व्हा, ही प्रतिकारक्षमतेची खूण असू शकते. ती रोपे फुलायच्या आत उपटा. ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणालात तर बी जमिनीत पडलेच. थोडी रोपे मात्र राखा, त्यांचे पक्व बी पिशवीत गोळा करून कृषी विद्यापीठाच्या तणशास्त्र विभागात दाखवा आणि पुढचे औषध त्यांना विचारूनच ठरवा. कोळपणी, खुरपणी आणि पिकांची फेरपालट तोवर चालू ठेवा.

प्रश्न: (एक विद्यार्थी) एका शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांत धातु-कार्बनी रसायनशास्त्र (धातू आणि कार्बन जोडलेल्या संयुगांचा अभ्यास) आणि तणशास्त्र दोन्ही दिसले. तणनाशकांत धातू असतात का?

उत्तर: आजच्या बहुतेकांत नाहीत, पण ती बनवताना लागतात. मेटोलाक्लोर या तणनाशकाच्या रेणूची चार त्रिमितीय रूपे असतात, आणि तणावरचे काम मुख्यतः त्यांतली दोनच करतात. १९९६ पासून इरिडियम धातू आणि त्याला जोडलेला, फेरोसीन या लोहयुक्त संयुगावर आधारलेला रेणू वापरून हीच रूपे प्रामुख्याने बनवली जाऊ लागली. म्हणजे शेतात टाकायची मात्रा जवळपास एक तृतीयांशाने घटली. रसायनशास्त्राने शेतीवर केलेले हे मोठे उपकार आहेत, आणि दोन्ही विषय जाणणारी माणसे म्हणूनच हवीत. मात्र शोधनिबंधात एखादा रेणू तण मारतो असे वाचून तो शेतात आणू नका. तुमच्या पिकासाठी त्याची शिफारस लेबलवर आहे का, ते आधी पाहा.