चार हजार म्हणजे चार हजार

'मावशी, गेले दोन महिने आम्ही दाराच्या बेलची वायर काढून ठेवली आहे.' इचलकरंजीहून आलेल्या पत्राची ही सुरुवात. बाकीचं थोडक्यात सांगते. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी हिने एका फायनान्स कंपनीकडून 1,80,000 रुपयांचं पर्सनल लोन काढलं, 18 टक्क्यांनी, हप्ता 7,500. अकरा हप्ते वेळेवर गेले. मग नवऱ्याच्या कारखान्यातले निम्मे माग बंद पडले आणि चार हप्ते थकले. ही स्वतः मेडिकल दुकानात काउंटरवर असते. वसुलीवाला सकाळी साडेसहाला फोन करतो. दुकानाच्या मालकाला त्याचा फोन जाऊन आला. परवा दारात उभं राहून, शेजारच्या काकूंदेखत, 'मंगळसूत्र मोडा' म्हणाला. हिने घाबरून दोन हजार रोख दिले, पावती नाही. दहा तारखेला पूर्ण हप्ता देते म्हणाली, जमलं नाही. नवऱ्याला यातलं निम्मंच माहीत आहे. 'वसुलीवाल्याला किती देते म्हणून सांगू?' असं विचारलंय. सही: 'दार लावून बसलेली'.

अगं, किती द्यायचे हे त्याच्याशी बोलताना ठरवायचंच नाही. ते आधी ठरवायचं, घरी, कागदावर.

मी नऊ वर्षं एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलाशेजारी बसून काढली आहेत. आमच्या वहीत एक रकाना असायचा, 'वायदा'. आता कंपन्यांत त्याला पीटीपी म्हणतात, प्रॉमिस टू पे. फोनवर तू 'दहा तारखेला देते' म्हणालीस की त्याच्या यादीत ते टिपलं जातं. दहा तारीख टळली की शेरा पडतो, वायदा मोडला. अकरा तारखेपासून त्याचा आवाज का चढला, हे तुला आता कळलं असेल. तू फोन टाळण्यासाठी शब्द दिलास आणि त्याच शब्दाने फोन वाढवले. शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील, पण न झेपणारा आकडा आता तोंडातून काढायचा नाही.

तू पाठवलेल्या हिशोबावरच बसू या. तुझे 14,000, नवऱ्याचे आठवड्याला 2,200 म्हणजे महिन्याचे साधारण 8,800. झाले 22,800. भाडं, किराणा, लाइट-गॅस, सासऱ्यांची औषधं, पोरांची शाळा आणि येण्याजाण्याचं मिळून 18,000 जातात. उरले 4,800. यातले 800 बाजूला ठेव, घरात लहान पोरं आणि म्हातारं माणूस आहे. तुझा आकडा 4,000.

आता कंपनीच्या बाजूने बघ. तुझी बाकी अंदाजे 1,30,000 आहे. त्यावर 18 टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं 1,950. म्हणजे 4,000 दिलेस तर निम्मे मुद्दलात जातात आणि पावणेचार वर्षांत कर्ज फिटतं. दीड हजार देऊ केले असतेस तर व्याजही भागलं नसतं आणि त्यांनी कागद बाजूला सारला असता. ही भीक नाही, हिशोबाला धरून केलेली मागणी आहे. ते मान्य करतीलच असं नाही, तसा त्यांच्यावर कायदा नाही. पण थकीत खात्यावर दरमहा नियमित रक्कम येणं त्यांनाही हवं असतं.

ही मागणी दारातल्या माणसापुढे मांडू नकोस. त्याला हप्ता कमी करायचा अधिकारच नसतो, त्याला महिनाअखेरचं टार्गेट असतं. लोनच्या कागदांवर आणि कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे लिही. इंग्रजीची गरज नाही. असं काहीतरी:

'माझ्या लोन खात्याचे चार हप्ते थकले आहेत. पतीचं काम कमी झाल्याने 7,500 भरणं शक्य नाही. मी दर महिन्याच्या सात तारखेला 4,000 भरू शकते. मुदत वाढवून हप्ता तेवढा करून द्यावा. सोबत दोघांच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा तपशील जोडला आहे. आपल्या प्रतिनिधीने अमुक तारखेला 2,000 रोख नेले, ते खात्यात जमा दाखवावेत. आजपर्यंतचं स्टेटमेंट, दंड वेगळा दाखवून, पाठवावं.'

दंड वेगळा का? एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. ते तपासता आलं पाहिजे. आणि उत्तराची वाट बघत बसू नकोस. सात तारखेला 4,000 थेट लोन खात्यात भर. यापुढे कुणाच्या हातात रोख एक रुपयाही नाही.

त्या माणसाचं काय? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलंय की थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना किंवा ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. साडेसहाचा फोन आणि मंगळसूत्राची भाषा, दोन्ही नियमाबाहेर. तुझ्या फोनमधली कॉलची यादी हाच पुरावा, तिचे स्क्रीनशॉट काढ, बोलणं रेकॉर्ड कर. तो परत आला तर दार उघड, पण चौकटीतच उभी राहा आणि म्हण, 'तुमचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र दाखवा. मी कंपनीला लिहून दिलंय, चार हजार दरमहा. त्यापुढचं त्यांच्याशी बोला.' तो ओरडेल. तू तेच वाक्य पुन्हा म्हण, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत बहुतेकांचा जोर उतरतो, मी पाहिलंय. शिवीगाळ झाली किंवा अंगावर आला तर 112 लाव.

कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. वकील परवडत नाही असं लिहिलंयस, पण बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टात चौकशी कर किंवा 15100 ला फोन कर.

'पोलीस उचलून नेतील' म्हणाला ना तो? नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणाला अटक होत नाही. मात्र तुला अर्धवट धीर द्यायचा नाही. हप्त्यासाठी बँकेला दिलेला ऑटो-डेबिटचा आदेश पैशांअभावी परत गेला, तर चेक बाऊन्ससारखी केस होऊ शकते. म्हणून कोर्टाचा किंवा वकिलाचा कागद आला तर उशीखाली ठेवू नकोस, त्याच दिवशी वकिलाला दाखव.

'90,000 एकरकमी भरा, खातं बंद करतो' असंही तो म्हणालाय आणि तुझं मन दागिन्यांकडे वळलंय. थांब. त्याच्या तोंडी बोलण्याला काही किंमत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे लिहून आल्याशिवाय त्यावर पैसे भरायचे नाहीत. शिवाय कमी रकमेत मिटवलं की सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज मिळताना तो आडवा येतो. तुझ्या घरात दोघं कमावतात, मला यात घाई दिसत नाही. आणि हे फेडायला महिना दहा टक्क्यांनी देणाऱ्याकडे जाऊ नकोस, मोबाइलवरच्या लोन ॲपकडे तर मुळीच नको.

दुकानाच्या मालकाला तूच सांग, दोन वाक्यांत. त्यांना फोन आलाच आहे, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. आणि नवऱ्याला आज रात्री सांग. 'त्यांना बीपी आहे' म्हणून तू गप्प बसलीस हे समजतं, पण दारावर माणूस आला की ते आतल्या खोलीत जातात असंही तूच लिहिलंयस. त्यांना कळलंय गं. ईमेलखाली दोघांची नावं असू देत.

बेलची वायर मात्र उद्या सकाळीच जोड. तुझ्याच पत्रात आहे, मागच्या आठवड्यात सिलिंडरवाला दोनदा परत गेला.