छोट्या फॅब्रिकेशन शेडमध्ये सेफ्टीची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत २० माणसांचं शेड आहे, सेफ्टी ऑफिसर नाही, मग आधी काय करायचं. भाऊ, हेल्मेट-गॉगलची खरेदी शेवटी. आधी धोकाच काढता येतो का बघा, नाहीतर मशीनला गार्ड, धुराला एक्झॉस्ट.

दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, चावी दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात. ग्राइंडरचा गार्ड काढू देऊ नका, आणि डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. मलेरिया समजून गोळ्या खाणारे मी पाहिलेत! जोडाच्या जागचा जस्ताचा थर आधी काढा.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, वर टिनाचं छत. जड काम सकाळी लवकर उरका. नवीन पोऱ्याला पहिल्याच दिवशी भट्टीजवळ उभं करू नका, शरीराला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. कुणी असंबद्ध बोलू लागला तर लगेच अंगावर पाणी, पंखा, आणि दवाखाना.