मंगळवारची आणि शुक्रवारची पोटदुखी

“मॅडम, मला फक्त एक पत्र हवंय,” निशांतची आई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाली. “याला खेळाच्या तासाला सूट द्यावी, एवढंच लिहून द्या. डॉक्टर देत नाहीत. म्हणतात, पोटात काहीच नाही.”

निशांत (नाव बदललंय, काही तपशीलही) आठ वर्षांचा, तिसरीतला. आईच्या पर्सची चेन उघड-मीट करत बसला होता. गेले तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. बेंबीभोवती, कळ आल्यासारखं. घरी ठेवलं की अकराच्या सुमारास थांबायचं. सुट्टीच्या दिवशी कधीच दुखलं नाही. आईनेच कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या आणि शाळेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या होत्या. मंगळवार आणि शुक्रवार हे खेळाच्या तासाचे वार. वडिलांच्या मते ही सगळी नाटकं होती.

हा एकच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. ‘आमचा मुलगा मैदानावर जायलाच तयार नसतो’, ‘आमची मुलगी अभ्यासात पुढे, पण पीटी म्हटलं की रडते’. आणि शेवटी सगळे तेच विचारतात : बळजबरी करायची, की नाही आवडत तर सोडून द्यायचं? मला हे दोन्ही पर्याय पटत नाहीत. का, ते निशांतच्या निमित्ताने सांगता येईल.

आधी पोटाचं. पोट खरोखर दुखतं. आतड्यांचं आणि मेंदूचं दळणवळण दोन्ही बाजूंनी चालतं आणि लहान मुलांची भीती पुष्कळदा पोटातूनच बोलते. मूल खोटं बोलत नसतं, त्याला जे जाणवतं ते सांगत असतं. पण वजन घटतंय, दुखण्याने रात्री झोपमोड होतेय, ताप किंवा वारंवार उलट्या आहेत, शौचातून रक्त जातंय, असं काही असेल तर माझ्याकडे येऊ नका, तडक डॉक्टरांकडे जा. निशांतच्या सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या. धावल्यावर त्याला धाप किंवा खोकला येत नव्हता. डोळे मात्र तपासून घ्या म्हटलं. एक डोळा अधू असला तर अंतराचा अंदाज चुकतो आणि चेंडू कधी हातात येणार तेच कळत नाही. डोळे ठीक निघाले.

पत्र द्यायला मी नकार दिला. आईला ते आवडलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही आवडलं नसतं.

पहिल्या दोन बैठका मी चुकीच्या दिशेने घालवल्या. कोणी चिडवतं का, सर ओरडतात का, कोणी ढकलतं का, हेच खोदत बसले. निशांत प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणायचा आणि ते खरंच होतं. मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. शाळेशी बोलून त्याला गुण लिहायचं काम मिळवून दिलं. मुलं खेळतील, हा फळ्यावर गुण मांडेल. मैदानावरही राहील, अपमानही होणार नाही. तेव्हा मला वाटलं, काय सुरेख तोडगा काढला! पोटदुखी पंधरा दिवसांत गेली. आई खूश, मी खूश.

महिन्याभराने सहज विचारलं, “या आठवड्यात काय खेळलात?” निशांत म्हणाला, “मी नाही खेळत. मी फळ्याचा आहे.”

ते ऐकून चरकले. पत्र न देता मी त्याला सूटच देऊन टाकली होती, फक्त हातात खडू देऊन. या महिन्यात वर्गातल्या बाकीच्यांनी शेकडो वेळा चेंडू टाकला-झेलला होता आणि निशांतने एकदाही नाही. अंतर वाढलं ते माझ्यामुळे. एरवीही मी पाहते, शाळेतली सगळ्यात अवघडलेली मुलं कुठल्या ना कुठल्या मानाच्या कामावर असतात. चपला राखणं, पाण्याच्या बाटल्या सांभाळणं, शिट्टी धरणं. त्यांना ते आवडतंही. म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मग एक दिवस गप्पा बंद केल्या. माझ्या कपाटात धान्य भरलेली तळहाताएवढी कापडी पिशवी असते, ती काढली आणि सहा-सात फुटांवरून त्याच्याकडे टाकली. अगदी हळू, खालून. पिशवी अर्ध्या वाटेवर असतानाच निशांतने डोळे गच्च मिटले, हनुवटी खांद्यात खुपसली, मान वळवली आणि दोन्ही हात काठ्यांसारखे ताठ पुढे केले. पिशवी हातांवर आपटून खाली पडली. पडल्याचा आवाज आल्यावर त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या तोंडाकडे.

त्या एका नजरेत मला तीन महिन्यांचं उत्तर मिळालं.

झेलणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने येते. तीन-चार वर्षांचं मूल चेंडू दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरतं. चेंडू येताना मान फिरवणं हाही त्या वयातला साधा टप्पा. पुढे सरावाने डोळे चेंडूवर ठरतात, कोपरं सैल होतात, चेंडू छातीला न लावता नुसत्या तळव्यांत येतो. सराव मिळाला नाही, किंवा मध्येच एखादा टणक चेंडू नाकावर बसला, तर मूल आठव्या वर्षीही आधीच्या टप्प्यावर राहतं. निशांतच्या बाबतीत दोन्ही झालं होतं. वडील शाळेच्या संघातून खेळलेले. सहाव्या वर्षीच त्यांनी मुलाला मैदानावर नेऊन खऱ्या, कडक चेंडूने सराव सुरू केला. दुसऱ्याच रविवारी ओठ फुटला. “घाबरायचं नाही, चेंडूकडे बघ,” हे वाक्य निशांतला पाठ होतं, वडिलांच्या आवाजासकट.

हे सांगताना वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नव्हतं. ते एकदाच आले आणि बराच वेळ घड्याळाशी चाळा करत बसले. त्यांना मी एकच गोष्ट दाखवली : मुलाची जन्मतारीख. वर्गातल्या सगळ्यात मोठ्या मुलापेक्षा निशांत अकरा महिन्यांनी लहान होता. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सुमारे नववा हिस्सा. उंची, पायातला जोर, अंदाज, सगळ्यात दिसतो. १९८५ मध्ये रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या. वयोगट जानेवारीपासून मोजला जायचा, आणि वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. थोडी मोठी मुलं आधी निवडली जातात, मग त्यांनाच जास्त खेळायला मिळतं, आणि आपण त्याला उपजत गुण म्हणतो.

वडिलांनी विचारलं, “म्हणजे आपोआप येईल?” आपोआप नाही. वयाचा फरक भरून निघतो, सरावाचा निघत नाही.

एक शंका माझ्याही मनात होती. काही मुलांना हालचालींचा मेळ घालणंच मुळात अवघड जातं. शाळकरी वयातल्या सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हे आढळतं. ती मुलं फक्त मैदानावर अडखळत नाहीत. बटणं, नाडी, चमचा, कात्री, पेन्सिल, जिना, सगळीकडे अडतात, आणि हे फार लहानपणापासून असतं. तशी चिन्हं असतील तर बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवायला उशीर करू नये. निशांतचं अक्षर नीटस होतं, बुटांच्या नाड्या तो स्वतः बांधायचा. त्याचं दुखणं वेगळं होतं.

सराव आम्ही फुग्यापासून सुरू केला. फुगा हवेत रेंगाळतो, लागला तरी लागत नाही, आणि डोळ्यांना पाठलाग करायला वेळ मिळतो. पहिला आठवडा नुसता फुगा वर ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. मग मोठा, हलका, मऊ चेंडू. त्यावर मी रंगीत टिकल्या चिकटवल्या आणि त्यांवर अक्षरं लिहिली. नियम एवढाच : झेलायचं नाही, चेंडू येताना कुठलं अक्षर दिसलं ते सांगायचं. ‘चेंडूकडे बघ’ म्हटलं की डोळे मिटणारा हा मुलगा ‘क दिसला, नाही नाही, फ!’ म्हणताना डोळे फाडून बघत होता, आणि हात आपसूक चेंडूभोवती मिटत होते. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याच्या लक्षात आलं, आपण झेललंय. काही बोलला नाही. चेंडू पुन्हा माझ्याकडे टाकला, जरा जोरातच.

घरी रोज दहा मिनिटं, आईबरोबर. वडिलांनी पहिले तीन आठवडे नुसतं बघायचं, सूचना द्यायच्या नाहीत. (हे त्यांना सगळ्यात जड गेलं.) त्यांनी कुठेतरी रोज साठ मिनिटांचं वाचलं होतं, म्हणून वेळापत्रकच आखून आणलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे खरी : ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने दिवसाला किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. पण ती सलग किंवा कवायतीसारखी करावी असं नाही. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली पळापळ, दोरीवरच्या उड्या, सगळं त्यात धरतात. वेळापत्रक मी घडी करून त्यांना परत दिलं.

शाळेचं काम मात्र माझ्या खोलीत होण्यासारखं नव्हतं. क्रीडाशिक्षकांना भेटले. अठ्ठेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा रांगा लावण्यात, आणि हवा असलेले तीनच चेंडू. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला जायचा. मी तक्रार घेऊन आले असं समजून सर आधी सावध बोलत होते. “मॅडम, माझा एकही मुलगा मी बसवून ठेवत नाही,” म्हणाले. खरं होतं. पण त्या दिवशी मी कडेला उभं राहून तास पाहिला. दोन कप्तान पुढे आले आणि आळीपाळीने गडी निवडायला लागले. शेवटी तिघं उरले, मग दोघं, मग निशांत. कप्तान म्हणाला, “हा राहिला तो तू घे.” यात दुष्टपणा अजिबात नव्हता. ही मुलं साधारण सात-आठ वर्षांची झाली की स्वतःची इतरांशी तुलना करू लागतात. त्याआधी ‘मी खूप पळालो म्हणजे मी भारी’ एवढं पुरतं. तिसरीत नेमकं ते सुटतं, आणि आपण आठवड्यातून दोनदा सगळ्या वर्गासमोर ती क्रमवारी लावून दाखवतो.

मग बादफेरीचा खेळ झाला. चेंडू लागला की बाद, बाद झालं की कडेला. निशांत दुसऱ्या मिनिटाला बाद झाला आणि उरलेला वेळ दगडाने माती उकरत बसला. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा, तो सगळ्यात आधी बाहेर बसतो. सरांना हे सांगितल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, “असा विचार केला नव्हता. आम्हीही असेच खेळलो ना.”

सरांनी केलेले बदल साधे होते. गट चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांनी पडतात. बाद झालेला पाच उड्या मारून परत आत येतो. साहित्य नाही, तर जुन्या वर्तमानपत्रांचे गोळे करून चिकटपट्टीने गुंडाळले, असे बारा चेंडू झाले, म्हणजे चौघांत एक. पूर्वी तासाभरात मुलाच्या हाती चेंडू दोन-तीनदा यायचा, आता सतत येतो. कागदाचा चेंडू लागत नाही, हा निशांतसाठी वेगळाच फायदा. सगळे तास असे होतात असं नाही. स्पर्धा जवळ आल्या की जुनी पद्धत डोकावते, आणि सरांवरही निकालाचं दडपण असतं.

पोटदुखी मध्ये दोनदा परतली. एकदा आजारपणानंतर, एकदा वार्षिक स्पर्धेच्या आदल्या दिवशी. आईला सांगून ठेवलं होतं : उलटतपासणी नको, समजूतही नको. ‘दुखतंय ना, गरम पाण्याची पिशवी देते, दहा मिनिटांनी निघू.’ दुखणं मान्य, शाळा मात्र चुकवायची नाही. स्पर्धेत तो बारा जणांत नववा आला आणि त्याबद्दल काही न बोलता शिट्टी उशिरा वाजली याबद्दलच बोलत राहिला.

परवा शेवटची बैठक होती. पुढच्या महिन्यात वर्गावर्गांचे सामने आहेत आणि संघात सगळ्यांना जागा नाही. निवड झाली नाही तर काय, यावर बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “कदाचित सर तुला राखीव ठेवतील.”

त्याने टिकल्यांचा चेंडू दोन्ही हातांत फिरवला. “राखीव म्हणजे काय करायचं?”

“कोणाला लागलं, कोणी दमलं, तर तू आत जायचं.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत कडेला थांबायचं.”

“चालेल,” तो म्हणाला. “पण फळा मी लिहिणार नाही.”