वाचकांचे प्रश्न : दगडातले सोने

गेल्या अंकात कर्नाटकातल्या कोलार सोनेखाणींवर लेख होता. लेखाचा भर खाणींच्या इतिहासावर होता : १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीचे आगमन, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून आलेली वीज, २००१ मध्ये पडलेले टाळे. वाचकांची पत्रे मात्र बहुतेक दगडाबद्दल आली. त्यांतली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. गावाचे नाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न (कराड) : लेखात 'चॅम्पियन शीर' असा उल्लेख आहे. ही शीर म्हणजे दगडात गेलेली सोन्याची तार समजायची का? आणि ती तिथे शिरली कशी?

उत्तर : सोन्याची तार नव्हे. शीर म्हणजे गारेने, म्हणजे क्वार्ट्झने भरलेली भेग. चॅम्पियन शीर उत्तर-दक्षिण सुमारे ८ किलोमीटर पसरली आहे. ती पश्चिमेकडे कललेली आहे आणि खोलवर जवळजवळ उभी होते. तिचा पाठलाग करत खाण ३ किलोमीटरच्याही खाली गेली. जाडी म्हणाल तर सरासरी मीटरभर. सोने आहे ते या गारेत, विखुरलेल्या बारीक कणांच्या रूपात. टनाला ५ ग्रॅम सोने हे आजच्या भूमिगत खाणीत चांगले धातुक (धातू काढण्याजोगा दगड) मानतात. सोन्याची घनता १९.३ असल्याने हे ५ ग्रॅम म्हणजे टनभर दगडात एका वाटाण्याएवढे सोने, तेही हजारो तुकड्यांत. अशा दगडातून जुना तोळा (११.६६ ग्रॅम) काढायचा तर निदान अडीच टन दगड दळावा लागतो.

आता ते शिरले कसे. कोलारचा पट्टा सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम ३-४ किलोमीटर रुंद आहे, वय सुमारे २७० कोटी वर्षे. मूळचा खडक समुद्रतळावर ओतलेला बेसाल्ट. तो पुढे खोल गाडला गेला, दाबला गेला, तापला आणि काळपट हिरवा अँफिबोलाइट झाला. तापताना खडकातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांतून पाणी सुटते. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि गंधक असते, मीठ मात्र कमी. सोने एरवी पाण्याला दाद देत नाही, पण अशा गरम पाण्यात गंधकाशी जोडी जमवून ते विरघळते आणि वर निघते.

ही जोडी मोडली की सोने तिथेच बसते. मोडायला दोन कारणे पुरतात. पहिले कारण लोह. अँफिबोलाइटमध्ये ते भरपूर असते. पाण्यातले गंधक लोहाला चिकटून पायराइट किंवा पायरोटाइट बनते आणि एकटे पडलेले सोने बाहेर येते. दुसरे कारण दाब. भूकंपाच्या हिसक्याने भेग उघडली की दाब एकदम उतरतो, पाणी उकळते, गार आणि सोने दोन्ही खाली बसतात, भेग बुजते, दाब पुन्हा साठतो. हे शेकडो वेळा घडले की गारेत पातळ पातळ पट्टे दिसतात. म्हणून जाणते खाणकामगार पट्टेदार, निळसर-करड्या गारेकडे आशेने पाहतात आणि दुधासारख्या पांढऱ्या, एकसंध गारेला फारसे विचारत नाहीत. दुसऱ्या प्रकारची गार एकाच दमात भरलेली असते आणि बहुधा वांझ निघते.

शिरेतही सोने सगळीकडे सारखे नसते. घड्या पडलेल्या जागी आणि शीर वळते तिथे ते साठते, मधला भाग रिकामा जातो. कोलारच्या पश्चिमेकडच्या शिरांत तर गार कमी आणि पायरोटाइट, आर्सेनोपायराइट (लोह, गंधक आणि आर्सेनिकचे खनिज) जास्त. तिथे सोने काढण्याची रीतही वेगळी पडते. ती पुढे एका उत्तरात येईल.

प्रश्न (नाशिक) : कोलारचा खडक मूळचा बेसाल्ट. आमचा सह्याद्रीही बेसाल्टचाच. गारगोट्या इथेही ढिगाने सापडतात. मग सोने का नाही?

उत्तर : प्रश्न नेमका आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला आणि आजही बहुतेक ठिकाणी आडवाच आहे. त्याला कुणी खोल गाडले नाही, चिरडले नाही, ४००-५०० अंशांपर्यंत तापवले नाही. बेसाल्टमध्ये मुळात सोने असते ते टनाला काही मिलिग्रॅम. ते हजारपट एकवटायचे तर प्रचंड आकारमानाच्या खडकातून पाणी पिळून निघायला हवे आणि ते सगळे एकाच खोल भेगेतून जायला हवे. दख्खनमध्ये यातले काहीच घडले नाही. जे पाणी फिरले ते तुलनेने कोमट आणि उथळ होते. त्यातून पुणे, नाशिक, जळगावची झिओलाइटे, अपोफिलाइट आणि अकीक तयार झाले. जगभरच्या संग्रहालयांना ते हवेसे वाटतात, पण त्यांत सोने शोधू नये.

महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा बेसाल्टच्या बाहेर, पूर्व विदर्भातल्या प्राचीन खडकांत आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली गटातील खडकांत परसोडी, किटाडी, मारुपार या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याच्या नोंदी केल्या आहेत. नोंद आणि खाण यांत मात्र मोठे अंतर असते, हे वर्तमानपत्रांचे मथळे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न (भंडारा) : नदीच्या रेतीत पिवळे चमकणारे कण दिसतात. घरच्या घरी खात्री कशी करायची?

उत्तर : दहांपैकी नऊ वेळा तो अभ्रक असतो. काळा अभ्रक कुजला की सोनेरी होतो. सुईने टोचा. पापुद्रा सुटला, वाकला, तुकडे झाले तर अभ्रक. शिवाय पाणी ढवळले की तो तरंगत वर येतो. सोने तळाशी, काळ्या रेतीच्याही खाली राहते.

दगडात बसलेला पिवळा कण असेल तर चाकूचे टोक लावा. पायराइट पोलादी चाकूला सहसा दाद देत नाही आणि ठोकले तर भुगा होतो. चाल्कोपायराइटवर, म्हणजे तांब्याच्या पिवळ्या खनिजावर ओरखडा उठतो, पण त्याचाही भुगाच होतो, आणि जुन्या पृष्ठावर मोरपिशी रंग दिसतात. सोने दबते, चपटे होते, तुटत नाही. मग बाथरूमच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि कण त्यावर घासा. दोन्ही पायराइटांची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीधमक. सराफाच्या कसोटीचे तत्त्वही हेच. आणखी एक खूण : दगड फिरवून पाहा. पायराइटचे पैलू एका कोनात लखलखतात, दुसऱ्यात मावळतात. सोन्याचा रंग सावलीतही तोच राहतो.

रेती धुवायची तर आधी चार-पाच मिलिमीटरच्या चाळणीने खडे काढा. पसरट थाळीत दोन-तीन किलो रेती पाण्याखाली धरून आधी जोराने हलवा, म्हणजे जड कण तळाशी जातील, आणि मगच थाळी कलती करून वरची रेती थोडी थोडी वाहू द्या. नवखे लोक हलवण्याआधीच ओततात आणि असेल ते सोनेही जाते. मातीचे गोळे हाताने फोडून घ्या, कारण चिकणमाती बारीक सोने चिकटवून पळवते. हाताला तेल नको. तेलकट पाण्यावर अगदी पातळ पत्री तरंगते. शेवटी उरलेली काळी रेती वाळवून, कागदाखालून चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट बाजूला होते. बालाघाटकडचे सोनझरी आणि सराफाच्या दुकानातली धूळ धुणारे झारेकरी याच तत्त्वावर काम करत आले आहेत.

दोन गोष्टी करू नका. पारा वापरू नका, आणि 'गंधकाचा वास येतो का' हे पाहायला दगड तापवू नका. त्यात आर्सेनोपायराइट असेल तर लसणासारखा वास येईल आणि सोबत विषारी आर्सेनिकचा धूरही. कुतूहलापोटी थाळीभर रेती धुणे वेगळे, उत्खनन वेगळे. त्याला १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याखाली परवाना लागतो.

प्रश्न (नागपूर) : एकाच दगडाचे तीन नमुने प्रयोगशाळेत दिले. निकाल आले टनाला ०.८, २ आणि १४ ग्रॅम. कोणता धरायचा? की फसवणूक आहे?

उत्तर : एवढ्यावरून प्रयोगशाळेला दोष देता येत नाही. हिशेब करून पाहू. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या गोल कणाचे वजन सुमारे ०.२७ मिलिग्रॅम भरते. तपासणीला ३० ग्रॅम भुकटी घेतात. त्यात असा एकच कण आला की निकाल टनाला ९ ग्रॅम, नाही आला तर शून्याच्या जवळ. म्हणजे तुमचे तिन्ही आकडे खरे असू शकतात आणि दगडाबद्दल तिन्ही फारसे काही सांगत नाहीत. सोने जितके भरड, तितका नमुना मोठा हवा. मूठभर दगड देऊन भागत नाही. शिरेच्या पूर्ण जाडीवर आडवी, सारख्या रुंदीची आणि खोलीची खाच पाडून निदान तीन-चार किलो माल घ्या. दिसणारे सोने निवडून पिशवीत टाकण्याचा मोह आवरा. बहुतेक नमुने तिथेच बिघडतात.

प्रयोगशाळेत काय होते ते माहीत असले की प्रश्न नीट विचारता येतात. माल २ मिलिमीटरपर्यंत फोडतात, विभागणी करून एक भाग ७५ मायक्रॉनपर्यंत दळतात. त्यातल्या ३० ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), ३०-३५ ग्रॅम सोडा, थोडा टाकणखार, थोडी सिलिका आणि सुमारे ३ ग्रॅम मैदा मिसळतात. मैदा चेष्टेचा नव्हे : त्यातला कार्बन मुरदाडशिंगातून शिसे मोकळे करतो, एका ग्रॅमला १०-१२ ग्रॅम. मूस हजार-अकराशे अंशांवर तासभर ठेवली की शिशाचे थेंब खाली उतरताना सोने-चांदी गोळा करतात. ओतल्यावर तळाशी ३०-३५ ग्रॅमचे शिशाचे बटण मिळते. ते हाडाच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत सुमारे ९५० अंशांवर ठेवतात. शिसे जळून वाटीत मुरते आणि वर मणी उरतो. मण्यातली चांदी सोन्याच्या निदान तिप्पट हवी, म्हणून आधीच चांदी घातलेली असते. ती सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवून उरलेले सोने तोलतात, किंवा मणी अम्लराजात विरघळवून उपकरणावर मोजतात.

बिघडते कुठे? पायराइट जास्त असेल तर तेही मैद्याचेच काम करते, एका ग्रॅमला ११-१२ ग्रॅम शिसे. ३० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम पायराइट असले की सगळे मुरदाडशिंग संपते, मळी घट्ट होते, मध्ये गंधकाचा ठिसूळ थर बसतो आणि तो सोने धरून ठेवतो. उपाय : मैदा काढून मोजका सोरा घालणे, किंवा नमुना कमी घेणे. वाटीची भट्टी थंड पडली तर बटण अर्ध्यात गोठते. फार तापली तर चांदी आणि थोडे सोनेही वाटीत जाते. पहिलेच आम्ल तीव्र घेतले तर सोन्याची भुकटी होते आणि ओतताना निसटते.

तुमच्या दगडाला साधी तपासणी न सांगता 'चाळून तपासणी' सांगा. किलोभर माल दळून चाळतात. सोने मऊ असल्याने दळताना चपटे होते आणि चाळणीवर अडते. तो अडलेला भाग सगळाच्या सगळा तपासतात, चाळलेल्या भागाचे दोन नमुने घेतात आणि वजनानुसार एक आकडा काढतात. तो आकडा धरा.

प्रश्न (लातूर) : कोलारची खाण बंद झाली, पण आमच्या जुन्या निजाम राज्यातली हट्टी खाण चालू आहे. असे का?

उत्तर : मुख्यतः खोली. कोलारला तळाशी खडकाचेच तापमान ६० अंशांच्या वर होते, दाबाने खडक स्फोटासारखा फुटे, आणि एकूण सुमारे ८०० टन सोने दिल्यावर धातुकाचा कस उतरला होता. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीचे काम त्या मानाने उथळ आहे, आणि तिथे एक नव्हे तर जवळजवळ समांतर अशा अनेक शिरा आहेत : मेन, ओकली, मिडल, व्हिलेज, स्ट्राइक. शिरेजवळ खडकात काळा अभ्रक वाढलेला असतो, थोडे लांब हिरवे क्लोराइट. बोगद्यात क्लोराइट जाऊन अभ्रक दिसू लागला की शीर जवळ आली असे समजायचे. प्राचीन खाणकामगारांनी दगड आगीने तापवून फोडत इथे जवळजवळ दोनशे मीटर खोली गाठली होती. पंप नसताना!

प्रश्न (ठाणे) : कोलारच्या टाकाऊ मातीच्या टेकड्यांत अजून सोने आहे म्हणतात. मग तेव्हाच का काढले नाही?

उत्तर : आहे, टनाला ग्रॅमच्या आत. माती मात्र कोट्यवधी टन आहे. सोन्याचे काही कण आर्सेनोपायराइटच्या आत कोंडलेले असतात, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. सोने विरघळवून काढणारे सायनाइडचे पाणी तिथे पोचतच नाही. पायरोटाइट तर द्रावणातला प्राणवायू आणि सायनाइड दोन्ही फस्त करते, म्हणून आधी चुन्याच्या पाण्यात हवा सोडून त्याची भूक भागवावी लागते. चुना दुसऱ्या कारणानेही अटळ आहे : द्रावणाचा सामू १० च्या खाली घसरला की विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू लागतो. आज विरघळलेले सोने नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशावर पकडता येते, त्यामुळे हलका मालही परवडू शकतो. परवडेल की नाही हे ठरते सोन्याच्या भावावर, आणि आधी किती बारीक दळावे लागेल यावर. दळणाची वीज हाच मोठा खर्च.

प्रश्न (कोल्हापूर, सराफ व्यवसाय) : खाणीतले सोने बावनकशी असते का?

उत्तर : नाही. नैसर्गिक सोन्यात चांदी असतेच, बहुधा ५ ते २० टक्के. चांदी वीस टक्क्यांच्या पुढे गेली की रंग फिका पडतो आणि त्याला इलेक्ट्रम म्हणतात. शुद्ध करण्याचे काम खाणीनंतरचे.

प्रश्न (मुंबई) : कोलारच्या खाणीत मुंबईच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, हे खरे का?

उत्तर : खरे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ब्रिटिश आणि जपानी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये तिथे, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. वरचा खडक इतर वैश्विक किरणांना अडवतो, एवढाच त्यांना त्याचा उपयोग होता. सोन्याशी देणेघेणे नव्हते.