शब्दशंका : मलयानिल कुठून येतो?

प्रश्न : विद्यार्थिनीच्या कवितेत ‘सांजवेळी सागरावरून मलयानिल आला’ अशी ओळ आहे. हा नेमका कोणता वारा? आमच्या किनाऱ्यावर तो वाहतो का?
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : मलय + अनिल अशी फोड. ‘अनिल’ आला ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, या धातूपासून. प्राण, अपान, व्यान यांतही तोच धातू आहे. (‘अनल’ म्हणजे अग्नी. वेलांटी जपा.) ‘मलय’ ही सह्याद्रीची दक्षिण टोकाकडची, चंदनासाठी प्रसिद्ध असलेली रांग, तमिळमध्ये डोंगराला ‘मलै’ म्हणतात. तेव्हा मलयानिल म्हणजे वसंतात दक्षिणेकडून येणारा शीतल, मंद, चंदनगंधी वारा.

गुहागरचा समुद्र पश्चिमेला. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा. मार्च-एप्रिलच्या दुपारी तो बहुधा वायव्येचा असतो, त्याला वास मिठाचा आणि सूर्यास्तानंतर तो पडतो. मध्ये काही वेळ हवा स्तब्ध. मग उत्तररात्री जमिनीकडून मतलई सुटते. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत. म्हणजे त्या ओळीत दिशा, गंध आणि वेळ, तिन्ही चुकतात.

खात्री करायची तर मूठभर कोरडी वाळू कमरेच्या उंचीवरून हळूहळू सोडा. वाळू सरकते त्याच्या उलट बाजूने वारा येतो, आणि वाऱ्याला नाव मिळते ते तो जिथून येतो त्या दिशेचे.

दुरुस्ती सोपी आहे. ‘मलयानिल’ सहा मात्रांचा (१+१+२+१+१). ‘वायुलहर’ही सहाचीच (२+१+१+१+१), म्हणून मात्रावृत्तात ती बसते, क्रियापद तेवढे ‘आली’ करावे लागेल. अक्षरगणवृत्तात मात्र लघु-गुरूंचा क्रम बदलल्याने ही अदलाबदल चालणार नाही. आणि ‘सांजवेळी’च्या जागी दुपार आणता आली तर फारच छान. ‘मतलई’ हा शब्दही मुलांच्या कवितेत यावा असे मनापासून वाटते. तो किनाऱ्यावरचाच आहे.

प्रश्न : झंझावात आणि प्रभंजन एकच का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आज दोन्ही सैलपणे वापरतात. पण अमरकोशात झंझावात ‘सवृष्टिक’, म्हणजे पावसासह येणारा. ‘प्रभंजन’ ‘भञ्ज्’ (मोडणे) या धातूवरून. पावसाआधी माडाची झावळी मोडून टाकणारा कोरडा सोसाटा असेल, तर प्रभंजन लिहा.